सान इलारियोची चाळीस मिनिटं

एदिल्मा मोये कधी विमानात बसली नव्हती. पण आमच्या त्रिनिदाद गावाहून सान इलारियोला जायला विमानाला किती वेळ लागतो, हे तिच्याइतकं नेमकं कोणालाही ठाऊक नव्हतं. विमान चालवणाऱ्यांनाही नाही. एकवीस वर्षं ती आमच्या हवाई टॅक्सीच्या पत्र्याच्या खोलीत रेडिओपुढे बसली होती. विमान उडालं की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, उतरल्याचं कळलं की पुन्हा बघायची. मधल्या वेळात तिच्याशी कोणी बोललेलं तिला आवडत नसे. जणू ते विमान तीच डोक्यावर धरून चालली आहे आणि बोलली तर हिंदकळेल.

मी त्याच खोलीच्या दारात वजनकाटा सांभाळायचो. माणूस, त्याचं गाठोडं, त्याच्या कोंबड्या, सगळं एकत्र काट्यावर चढायचं. छोट्या सहा आसनी विमानात पाच किलो इकडचे तिकडे झाले तरी चालत नाही. मी आकडा लिहायचो, ती वेळ लिहायची. आमचं नातं एवढंच होतं आणि ते पुष्कळ होतं.

भिंतीवर फळा होता. त्यावर तेलरंगाने लिहिलेलं: सान इलारियो, १४० किलोमीटर, ४० मिनिटं. हा आकडा कोणी काढला देव जाणे, पण तो सगळ्यांनी मानला होता. विमान सुटल्याचं रेडिओवर ऐकलं की तिकडच्या बायका भात चुलीवर ठेवत आणि माणूस दारात येईपर्यंत तो बरोबर शिजलेला असे. विमानतळाच्या कचेरीत रोज जो कागद जायचा, त्यातही चाळीसच लिहायची पद्धत होती. दक्षिणेचा गार वारा सुटला की जाताना विमान चौतीस मिनिटांत पोचे आणि येताना सत्तेचाळीस घेई, तरी कागदावर दोन्हीकडे चाळीस. एका नव्या पायलटने एकदा खरा आकडा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी कचेरीचा माणूस विचारायला आला, मधे कुठे उतरला होतास? त्या वर्षांत आमच्याकडे या प्रश्नाचा एकच अर्थ होता. रानात चोरट्या धावपट्ट्या होत्या आणि तिथे विमानात कोकेन भरलं जातं हे सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून पुन्हा चाळीस.

एदिल्माही कागदावर चाळीसच लिहायची. पण तिच्याकडे शाळेची एक वही होती. त्यात ती पेन्सिलने खरा आकडा लिहायची. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, "एका जागी तरी खरं असावं."

तिचा बाप मामोरे नदीवर होड्या वल्हवायचा. त्याला कोणी अंतर विचारलं तर तो म्हणे, नदीने की गिधाडाने? नदीने सान इलारियो तीन दिवस, गिधाडाने एक सकाळ. एदिल्मा नदीकाठी वाढली, ख्रिस्ती जोगिणींच्या मठात वाचायला शिकली आणि तिथल्याच एका म्हाताऱ्या जोगिणीकडून रेडिओ शिकली. स्वभावाने ती ताकही फुंकून पिणारी. पपई घेताना देठाशी नख लावून बघायची, पाद्री जेवायला आला तर त्याने हात धुतले का तेही बघायची. तिच्या संशयाला द्वेषाचा वास नव्हता. जग तिला एक सैल बसलेलं झाकण वाटे, आणि ती ते अधूनमधून दाबून बघायची, इतकंच.

फक्त एका माणसाचं झाकण तिने कधी दाबून बघितलं नव्हतं. तिचा नवरा, लिसान्द्रो मेल्गार. तो आमचा सगळ्यात जुना पायलट. बत्तीस वर्षं उडत होता, त्यातली सत्तावीस तिचा नवरा म्हणून. मोठ्या हाडाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. तो आत आला की खोली लहान व्हायची. मंगळवार आणि शुक्रवारची सान इलारियोची फेरी त्याची.

त्या वर्षी जूनमध्ये वहीतले आकडे वाढू लागले. आधी सेहेचाळीस. मग एकोणपन्नास. मग बावन्न.

"आन्सेल्मो," ती मला म्हणाली, "आज वारा कुठला होता रे?"

"वारा? काट्यावर कोंबडीचं पीस पडलंय सकाळपासून. हललेलं नाही."

"मग बावन्न मिनिटं कशी?"

"धूर असेल."

"जूनमध्ये? रान ऑगस्टात जाळतात. तू इथलाच ना?"

मी काट्यावरचं पीस उचललं. लिसान्द्रो परत आला, टोपी खुंटीला मारली, ती खुंटीवरून खाली पडली. तिने विचारलं, "उशीर झाला?"

"उशीर? चाळीस मिनिटं. नेहमीसारखी."

हे तो हसून म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. तिच्या कानाच्या थोडं वर बघितलं. ती गोष्ट तिच्या ध्यानात आली, आणि मग मागच्या कितीतरी दिवसांतलं असं बघणं तिच्या ध्यानात आलं. जेवताना, अंगणात, देवळात. सत्तावीस वर्षं ज्याने तिला समोरून बघितलं होतं तो आता तिरका बघत होता.

पुढच्या शुक्रवारी पंचावन्न.

संशय आला की माणूस आधी मोजायला लागतो. एदिल्मा तर आयुष्यभर मोजतच होती. तिने हिशेब मांडला: पंधरा मिनिटं जास्त. पंधरा मिनिटांत विमान उतरून, काही भरून, पुन्हा उडू शकतं. पंधरा मिनिटांत माणूस एखाद्या दारात उभा राहून पाणीही पिऊ शकतो. पहिलं असेल तर तुरुंग. दुसरं असेल तर तिचं घर. तिला कुठलं जास्त भयंकर वाटत होतं हे तिने मला सांगितलं नाही.

त्याला सरळ विचारणं शक्य नव्हतं. आणि रेडिओवर विचारणं म्हणजे सगळ्या मुलखाला विचारणं. आमच्याकडे गुरांच्या वाड्या एकमेकींपासून दोन-दोन दिवसांच्या वाटेवर, पण प्रत्येक वाडीत एक रेडिओ, आणि तो सकाळपासून उघडा. कोणाची गाय व्याली, कोणाची सून माहेरी गेली, कोणाला मूळव्याध झाली, सगळं सगळ्यांना ऐकू यायचं. बोलायचे दोघं, ऐकायचे दोनशे. म्हणून तिने आभाळाचं निमित्त काढलं. लास पेतास ही वाडी सान इलारियोला जाणाऱ्या सरळ रेषेवर होती.

"लास पेतास, लास पेतास, त्रिनिदाद बोलतंय. रोमुलोदादा, तुमच्याकडे आभाळ कसं आहे? ओव्हर."

रोमुलो क्वेयार हा म्हातारा दिवसभर रेडिओला कान लावून बसलेला असायचा. लगेच उत्तर आलं.

"आभाळ जागच्या जागी आहे, एदिल्माबाई. पण रिकामं आहे. मंगळवार-शुक्रवार डोक्यावरून घरघर जायची, त्यावर आमची बाई रस्सा चढवायची. महिना झाला, विमान नाही आणि रस्सा करपतोय. विमान बदललं का नवरा? ओव्हर."

रेडिओवर हसणं ऐकू येत नाही, कारण हसणारे बटण दाबत नाहीत. पण त्या शांततेत दोनशे माणसं हसताहेत हे मला दारातून कळत होतं.

"दोन्ही तेच आहेत," ती म्हणाली. "ओव्हर."

मग एक दुसराच आवाज आला. कुठल्या वाडीचा, ते त्याने सांगितलं नाही. "एल हुन्कोच्या नेलिदाबाईंना विचारा. त्यांच्या छपरावर हल्ली फार घरघर असते म्हणे."

एदिल्माने माइक खाली ठेवला. एल हुन्को पार पश्चिमेला, मामोरेच्या काठावर. सरळ रेषेपासून कितीतरी दूर. नेलिदा रोका तिथे एकटी राहायची. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा घोड्यावरून पडून गेला होता. ती चीज करून विकायची आणि तिला हसताना कोणी बघितलं नव्हतं, म्हणून बायका तिला जास्तच घाबरत.

"आन्सेल्मो, तुझी वजनाची वही दे."

ती मे महिन्यापासून एकेक ओळ बोटाने खाली येत गेली. एका ओळीवर बोट थांबलं.

"छत्तीस किलो. हे काय?"

"रंग. पांढरा, तेलाचा. दोन डबे."

"कोणाला?"

"सान इलारियोपर्यंत विमानाने. पुढे होडीने एल हुन्को."

"पाठवणारा?"

मी सहीकडे बोट केलं. लिसान्द्रोची सही ओळ सोडून खाली घसरली होती, शेजारच्या माणसाच्या नावावर चढली होती. एदिल्मा बराच वेळ ती सही बघत राहिली.

"हात थरथरलाय बघ," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं माझ्या भिंतीला चुन्याचा हात मारायला याला सवड मिळाली नाही."

त्यानंतर ती दहा दिवस घरी आणि खोलीत अगदी गोड वागली. ज्याने ते बघितलं त्याच्या अंगावर काटा आला असेल. तिने त्याला आवडणाऱ्या चीजच्या पावांची टोपली आणली, त्याच्या टोपीची दोरी शिवून दिली. तो "वा, म्हातारे!" म्हणाला आणि तिच्या कानाकडे बघून हसला.

जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी ती देवळात घालायचा निळा झगा घालून आली आणि काट्यावर उभी राहिली.

"लिही."

"बाई, हे काय?"

"किती भरतं ते लिही."

"एकसष्ट."

"दहाच्या विमानात मी जातेय. रेडिओ तू बघ."

"मी? मला त्यातलं काय कळतं!"

"बटण दाबायचं आणि खरं बोलायचं. एवढंच कळावं लागतं."

विमानाशी लिसान्द्रो एका व्यापाऱ्याच्या कोंबडीच्या पिल्लांची खोकी चढवत होता. शाळेच्या एक बाई आधीच मागे बसल्या होत्या. एदिल्मा जवळ गेली तरी तो वळला नाही. तिने हाक मारली तेव्हा तो दचकला.

"अगं म्हातारे, तू? कोणी मेलं का?"

"अजून नाही. सान इलारियो बघायचंय. पुढे बसते, तुझ्या शेजारी."

त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बस. भीती वाटली तर डोळे मीट."

"मी डोळे उघडे ठेवायलाच आलेय," ती म्हणाली.

पुढचं तिने मला नंतर सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक गोष्टीला मिनिट लावून सांगितलं.

चौथ्या मिनिटाला विमान पश्चिमेला वळलं. सरळ रेषा उजवीकडे राहिली. खाली गवताचा सपाट मुलूख, मधे मधे झाडांची बेटं, पाण्याची डबकी आणि त्यांत उभी गुरं. ज्या मुलखाशी ती एकवीस वर्षं बोलली होती तो तिला पहिल्यांदा दिसत होता, आणि तो मुका होता. अकराव्या मिनिटाला नदी आली. मातकट, सुस्त, आपल्याच अंगावर वळलेली. लिसान्द्रोने विमान खाली घेतलं आणि नदीच्या डाव्या काठाने धरलं.

"इकडून का?" तिने इंजिनाच्या वर ओरडून विचारलं.

"इकडे हवा बरी असते."

"आणि लास पेतासवर वाईट असते?"

तो गाल काचेला लावून खाली बघत राहिला.

आमच्याकडे वाडीचं नाव घराच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहितात, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. पायलटला वरून वाचता यावं, चिठ्ठी, औषध, डॉक्टर चुकीच्या दारात जाऊ नये, म्हणून. एदिल्मा ती नावं वाचत होती. आवाजाने ओळखीची माणसं, छपरांनी परकी. एका छपरावर सान्ता फे लिहिलेलं होतं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने विचारलं, "ही कुठली वाडी?"

त्याने मान तिरकी केली. बराच वेळ घेतला. "ला कोन्सेप्सिओन."

खोटं. इतक्या मोठ्या अक्षरांतलं, सरळ तोंडावर खोटं. बाईपायी माणूस वाड्यांचीसुद्धा नावं बदलतो, असं ती मनात म्हणाली. पुढचं छप्पर आलं. अक्षरं उन्हात स्पष्ट होती: पालेर्मो.

"आणि ही?"

"ही... ही ला एस्पेरान्सा."

हे खोटं कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं. पालेर्मो दुसऱ्या कोणाची वाडी म्हणून सांगून लिसान्द्रोला काय मिळणार होतं? संशयाच्या वाटेवर ती इतकी सरळ चालत आली होती आणि पायाखालून वाटच गेली. मागून शाळेच्या बाईंनी वाकून विचारलं, "झाली ना हो चाळीस मिनिटं? आमच्याकडे भात लागेल."

"आलंच," लिसान्द्रो ओरडला.

बेचाळिसाव्या मिनिटाला समोर एक छप्पर चमकलं. त्यावर नाव नव्हतं. सगळं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं, वाळलेल्या हाडासारखं. लिसान्द्रोचे खांदे सैल झाले. त्याने श्वास सोडला तो इंजिनाच्या आवाजातही तिला जाणवला.

"आता उजवीकडे," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्याने नदी सोडली.

अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने वर बघितलंही नाही. लिसान्द्रोनेही तिच्याकडे बघितलं नाही. तो छपराकडे बघत होता, मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, अंधारात भिंत चाचपावी तसा. एदिल्मा मला म्हणाली, "बाईकडे कोणी असं बघत नाही, आन्सेल्मो. असं फक्त दिवा विझल्यावर दाराकडे बघतात."

ती त्याच्या कानाशी वाकली.

"टाकीत किती आहे?"

"अर्ध्याच्या वर."

"काट्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं. डोकं आधी डावीकडे नेलं, मग उजवीकडे. "अर्धी."

काटा पाव टाकीवर होता.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"आधी उतरू दे."

"किती दिवस, लिसान्द्रो?"

"दोन वर्षं. मधोमध डाग आहे. आधी वाटाण्याएवढा होता. कडा दिसतात. नदी दिसते, धावपट्टीच्या कडा दिसतात. उतरायला कडाच लागतात."

"आणि डॉक्टर? दर सहा महिन्यांनी तपासतात ना?"

"तक्ता तोच असतो. अक्षरं पाठ आहेत."

पट्टी आली. विमान एकदा उसळलं, दोनदा टेकलं आणि सरळ धावलं. मागच्या खोक्यांत पिल्लं ओरडत होती. छप्पन्न मिनिटं.

सान इलारियोत आंब्याखाली परतीचे प्रवासी थांबले होते. दोन गुराखी, एक गरोदर बाई आणि तिची सासू. गरोदर बाईला त्रिनिदादच्या दवाखान्यात जायचं होतं, घाई नव्हती पण दिवस भरत आले होते. त्यांची वजनं आधीच झाली होती. सासू लिसान्द्रोला बघून म्हणाली, "हा आहे म्हणजे काळजी नाही. याने माझ्या नवऱ्याचं प्रेतसुद्धा न हलवता आणलं होतं."

लिसान्द्रोने एदिल्माला विमानाच्या पलीकडे नेलं.

"ही एक फेरी," तो म्हणाला. "महिनाअखेर मी स्वतः जाऊन सांगतो. आईची शपथ."

"तुझी आई मला आवडायची. तिला मधे आणू नकोस."

"मग असं कर. तू शेजारी बस. काटे तू वाच, छपरं तू वाच, मी चालवतो. आपण दोघं मिळून एक धड पायलट होतो. कोणाला कळणार नाही. रोज चल. तुला संशयही उरणार नाही, मी तुझ्या नजरेसमोरच असेन."

तिने लगेच नकार दिला नाही, असं तिने मला सांगितलं. हे तिने लपवलं नाही. तिने विमानाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. बत्तीस वर्षं उडलेला माणूस, आणि त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. जमिनीवर तो कोण होता हे त्यालाच माहीत नव्हतं. काटे वाचणं तिला जमलं असतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. मग आंब्याखालून गरोदर बाई हळूहळू चालत आली आणि पायरीवर पाय ठेवून विचारू लागली, "ताई, किती वेळ लागतो हो? मला भीती वाटते."

एदिल्माने तिचा हात धरून तिला खाली उतरवलं.

"तू मला विचारायचं होतंस," लिसान्द्रो मागून म्हणाला. आवाज प्रथमच लहान होता. "चोरासारखं बसून यायची काय गरज होती? घरी विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू चाळीस म्हणाला असतास."

सान इलारियोच्या रेडिओवर एक म्हातारा बसायचा. त्याला उठवून ती बसली. इकडे मी माइक धरून घामाने भिजलो होतो. तासभर उलटून गेला होता आणि उतरल्याचा निरोप नव्हता.

"त्रिनिदाद, सान इलारियो बोलतंय."

"बोला, बाई! पोचलात का? ओव्हर."

"पोचलो. छप्पन्न मिनिटं. कागदावर छप्पन्न लिही, आन्सेल्मो, कचेरीच्या कागदावरही. आज परतीचं विमान नाही. दुसरं विमान आणि दुसरा पायलट पाठवा, इथे दिवस भरलेली बाई आहे. आमच्या पायलटला दिसत नाही. ओव्हर."

मी त्या रेडिओजवळ इतकी वर्षं काढली, पण दोनशे माणसं एकदम गप्प बसलेली तेवढी एकदाच ऐकली. शेवटी रोमुलो क्वेयारचा आवाज आला, थट्टा नसलेला, म्हणून ओळखू न येणारा.

"कोणाला दिसत नाही म्हणालात, एदिल्माबाई? ओव्हर."

"माझ्या नवऱ्याला. ओव्हर."

दुपारी दुसरं विमान गेलं आणि गरोदर बाईला घेऊन आलं. त्यात जागा होती. लिसान्द्रो त्यात प्रवासी म्हणून बसायला तयार झाला नाही. ती दोघं गुरं वाहणाऱ्या मोठ्या होडीने, पडावाने, नदीतून आली, तीन दिवस. पडावावर तो पहिला दिवस बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलू लागला तो थांबला नाही. काय काय दिसत नाही त्याची यादी सांगत राहिला: ताटातला मासा, घड्याळ, सही करायची ओळ, मुलीने सान्ता क्रूसहून पाठवलेला नातवाचा फोटो. तिच्याकडे सरळ बघितलं तर चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग येतो, म्हणून तो कानाकडे बघायचा. कानाकडे बघितलं तरच ती दिसायची.

"हे खरं वाटलं तुम्हाला?" मी तिला विचारलं.

"हे खरं आहे," ती म्हणाली. "पण दोन वर्षं तो रोज तीन-चार जीव घेऊन उडत होता आणि घरी येऊन भात खात होता. दुसरी बाई असती तर एक बाई असती, आन्सेल्मो. मी तिचे केस तरी ओढले असते."

गावाने मात्र वेगळंच धरलं. अजूनही धरून आहे. डोळ्यांचं निमित्त, म्हणतात. बायकोने विधवेपासून तोडायला नवऱ्याला आंधळं ठरवलं. नेलिदाबाई एकदा बाजारात आल्या तेव्हा त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं की लिसान्द्रोने छप्पर पांढरं करायला सांगितलं, पत्रा तापत नाही म्हणाला, मला बरं वाटलं, एवढंच. कोणी ऐकलं नाही. ज्या गोष्टीत बाई आहे ती गोष्ट डोळ्याच्या डागासाठी कोण सोडून देतं?

लिसान्द्रोचं लायसन गेलं. तो आता अंगणात बसतो. एदिल्मा महिनाभराने कामावर परतली. त्या दिवशी सकाळी तिने माइक पुसला, वही उघडली, आणि लिहिण्याआधी माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं."

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी काट्याच्या तबकावरची धूळ झटकत राहिलो. वर्षभर लिसान्द्रो मला म्हणत होता, वजनं मोठ्याने वाचून सांग, इंजिनाने कान गेलेत. त्याचे कान शाबूत होते. धावपट्टीच्या टोकाला कोणी मोटारसायकल सुरू केली तरी ती कोणाची हे तो सांगायचा. एकदा सही करताना त्याने माझ्या वहीऐवजी माझ्या मनगटावर पेन टेकवला होता. आम्ही दोघंही हसलो होतो. तो माझा मित्र होता. आणि त्याने मला कधी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मला काही माहीत नव्हतं, असं मी मानून घेतलं होतं.

"शंका होती," मी म्हणालो.

"शंका मला होती," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."

त्यानंतर ती मला कधी कठोर बोलली नाही. सकाळी रामराम करते, माझ्या बायकोची चौकशी करते, चीजचे पाव आणले तर एक माझ्यासाठी ठेवते. फक्त एवढंच आहे की कोणी काट्यावर चढलं आणि मी त्रेसष्ट म्हणालो, की ती रेडिओवरून उठते. विमान थांबलेलं असो, पाऊस असो, माणसं खोळंबलेली असोत. चष्मा लावते, काट्यापर्यंत चालत येते, वाकते आणि स्वतः आकडा वाचते. मी पेन हातात धरून थांबतो. तिची मान हलली की लिहितो.